ॲव्हरेजवाले काका

रविवारी संध्याकाळी कर्जतच्या चारफाट्यावर फार्महाऊसवरून मुंबईला परतणाऱ्या गाड्या तुंबतात. ड्रायव्हर हॉर्न बडवतात, पोरं रडतात, नवरा-बायको रस्ता चुकल्याचं खापर एकमेकांवर फोडतात. त्या कोंडीत एकच माणूस प्रसन्न असतो: हायब्रिड गाडी घेतलेले काका. असे काका हल्ली दर दोन-चार सोसायट्यांमागे एक निघतातच.

"इंजिन बंद आहे बरं का! बॅटरीवर चाललोय," काच खाली करून ते शेजारच्या अनोळखी गाडीवाल्याला सांगतात. त्यांच्या ग्रँड व्हिटाराचा कंपनीचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर, काका तो दशांशासकट, श्लोक म्हणावा तसा म्हणतात. मोकळा रस्ता दिसला की मात्र चेहरा पडतो. खालापूरहून एक्सप्रेसवेवर एका लयीत शंभरने जाताना इंजिनच राबतं. ब्रेक लागत नाही, मग बॅटरीत फुकटची भर पडणार कुठून? स्क्रीनवरचं ॲव्हरेज उतरलं की टोलपेक्षा त्याचीच हळहळ जास्त.

खंडाळ्याहून खोपोलीला उतरणं हा तर त्यांचा सण. "घाट फुकट वीज देतो रे!" म्हणत ते हलका ब्रेक दाबत उतरतात आणि मागचे ट्रकवाले त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पण बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान. लांब उतारावर ती मध्येच भरते आणि पुढची वीज वाया.

काकू गणिताच्या शिक्षिका. "अहो, साध्या गाडीपेक्षा 3 लाख जास्त मोजले. ती 18 देते, ही 25 धरू. महिन्याला 1000 किलोमीटर फिरलो तर सोळाशे रुपये वाचतील. वसूल व्हायला 15 वर्षं! आणि आपण फिरतो किती? तुम्हाला स्टेशनला सोडते. पुढे तुम्ही लोकलने जाता."

"मनाचं समाधान म्हणून काही आहे की नाही?"

"ते लोकलच्या पासात येतं."

खरं काकूंचंच. पनवेल-कळंबोलीच्या गर्दीतून रोज 80 किलोमीटर गाडी हाकणाऱ्याने हायब्रिड खुशाल घ्यावी. सात-आठ वर्षांत पैसे वसूल होतात. घर ते स्टेशन एवढ्यासाठी साधी पेट्रोल किंवा सीएनजी पुरे. बुकिंगआधी महिन्याचे किलोमीटर वहीत मांडा. घरात काकू असतील, तर वहीचीही गरज नाही.