तात्पुरत्या बांधकामाचे शास्त्र

समुद्रकिनाऱ्यावरील बांधकामाचे दोन प्रकार आहेत: तात्पुरते आणि कायमचे. तात्पुरते दरवर्षी पाडावे लागते. कायमचे पाडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. दोन्हींचे अंतर उच्चतम भरती रेषेपासून मोजतात. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढते, ती ही रेषा. प्रत्यक्षात ती समुद्रच आखतो. पण त्याला तसा अधिकार नसल्यामुळे सरकारमान्य संस्थांनी नकाशावर काढलेली रेषाच ग्राह्य धरली जाते.

या नियमांचे मूळ एका पत्रात आहे. नोव्हेंबर 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले, की भरतीच्या पाण्यापासून किमान 500 मीटर किनारा मोकळा ठेवावा. पत्राची अधिसूचना व्हायला जवळपास दहा वर्षे गेली. 19 फेब्रुवारी 1991 रोजी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे बोलीभाषेतले ‘सीआरझेड’, अस्तित्वात आले. ग्रामीण किनाऱ्यावरचे पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र ठरले. शहरांना निराळा न्याय मिळाला: समुद्राच्या बाजूला जुना रस्ता किंवा जुनी अधिकृत इमारत असली, की तिच्या मागे बांधकाम करता येते. मग मीटर मोजण्याचे कारण उरत नाही. लाट डांबर पाहून परत फिरते, असे गृहीत आहे.

1991 च्या अधिसूचनेत वीस वर्षांत सुमारे 25 दुरुस्त्या झाल्या. 2011 मध्ये ती मोडून नवी उभारली, 2019 मध्ये तीही मोडून आणखी नवी. किनाऱ्यावर वरचेवर मोडून उभारली जाणारी वस्तू म्हणजे तात्पुरते बांधकाम, ही व्याख्या मान्य केली तर त्यात पहिला क्रमांक अधिसूचनेचाच लागेल. शैलेश नायक समितीच्या शिफारशीनंतर 2019 मध्ये ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडले. जिथे दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक माणसे राहतात, तिथे किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाला की 200 मीटरचे 50 होतात. विरळ वस्तीत ते 200 च राहतात. गर्दी जितकी दाट, तितकी समुद्राशी जवळीक अधिक. मोजणी 2011 च्या जनगणनेची असल्याने त्यानंतर जन्मलेल्यांना या कामी हातभार लावता येत नाही. खाडीकाठचे अंतरही 100 मीटरवरून 50 वर आले. खाड्यांच्या रुंदीत मात्र कोणी दुरुस्ती सुचवल्याचे आढळत नाही.

तात्पुरत्या बांधकामाचा उत्तम नमुना म्हणजे गोव्यातील शॅक, वाळूवरची हंगामी खानावळ. बांबू, लाकडी वासे, चटया आणि माडाच्या झावळ्यांचे झाप एवढे तिचे साहित्य. सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या निव्वळ तात्पुरत्या आणि हंगामी बांधकामांना 2011 च्या अधिसूचनेने गोव्यासाठी खास जागा करून दिली. 2019 च्या अधिसूचनेने भरती रेषेपासून 10 मीटर सोडून शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, शॉवर आणि पेव्हर ब्लॉकची पायवाट यांना मुभा दिली. पेव्हर ब्लॉक तात्पुरता कसा, हे महाराष्ट्रातील महापालिकांच्या नागरिकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

शॅकचा परवाना पर्यटन खात्याच्या सोडतीत मिळतो आणि तो पोटभाड्याने देण्यास मनाई आहे. ही मनाई प्रत्येक धोरणात नव्याने लिहावी लागते, यावरून तिचे पालन कसे होते ते समजावे. अलीकडे शॅकमध्ये गोव्याचे जेवण, विशेषतः शितकडी (भात आणि माशांचे कालवण), ठेवण्याचीही सक्ती झाली. गोव्यातच गोव्याचे जेवण मिळावे म्हणून सरकारला नियम करावा लागला, ही हंगामी बांधकामाची ठळक कामगिरी मानावी लागेल. 31 मेनंतर झाप उतरतात, वासे उपसले जातात, वाळू मोकळी होते. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने एक मसुदा काढून असे सुचवले, की पुरेशी काळजी घेतल्यास ही बांधकामे पावसाळ्यातही उभी राहू द्यावीत, धंदा तेवढा बंद ठेवावा. तात्पुरतेपणाची ही सर्वांत प्रगत अवस्था: बांधकाम बारमाही, गिऱ्हाईक हंगामी.

मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद या किनाऱ्यांवर आणखी एक तात्पुरते बांधकाम आढळते. ऑलिव्ह रिडले कासवीण हिवाळ्याच्या रात्री येऊन वाळूत खड्डा करते, अंडी घालते आणि सोडतीत भाग न घेता निघून जाते. तिचे घरटे भरती रेषेच्या वर असते, त्यात सिमेंट नसते, ते पोटभाड्याने दिले जात नाही आणि सुमारे 50 दिवसांत आपोआप रिकामे होते. सर्व अटी पुऱ्या करणारे दुसरे उदाहरण शोधणे कठीण. पर्यटकांचा हंगामही नेमका तोच असल्याने या घरट्यांभोवती वनखात्याला कुंपण घालावे लागते.

शेवटची रेषा धोक्याची. लाटा, समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्याची झीज हिशेबात घेऊन ती भारतीय सर्वेक्षण विभागाने आखली आहे. पाणी पुढे कुठवर येऊ शकेल, हे तिच्यावरून कळते. 2019 च्या अधिसूचनेने तिला आपत्ती व्यवस्थापनाच्या आणि नियोजनाच्या कामाला जुंपले आहे. ना-विकास क्षेत्राचे मीटर मात्र तिच्यावरून ठरत नाहीत. ते 50 किंवा 200 च राहतात.