वऱ्हाडात विनोद करू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना
(मुंबई-पुण्याकडच्या कलाकारांनी गाडी बडनेऱ्याला पोचायच्या आत वाचून संपवाव्यात)

एक माइक, एक उंच स्टूल आणि पाण्याची बाटली एवढ्या भांडवलावर हल्ली तरुण मंडळी अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात उतरतात. मधेच बोलणाऱ्या प्रेक्षकाला गप्प कसं करायचं, याचा अभ्यास त्यांनी मोबाइलवर गोऱ्या कलाकारांचे व्हिडिओ पाहून केलेला असतो. प्रेक्षकाचे कपडे, त्याची बायको, त्याची बुद्धी यांवरचे चार-दोन तयार टोमणे खिशात असतात. ते खिशातच ठेवावेत. तो व्यत्यय आणतोय असं तुम्हाला वाटतं. त्याला मात्र वाटतं की तो कार्यक्रमाला हातभार लावतोय, तोही तिकीट काढून. दोघांत बरोबर कोण, याचा निकाल सभागृह लावतं, आणि सभागृह त्याच्या गावचं असतं.

पहिला सामना मागच्या रांगेशी होतो. समजा, तुम्ही लोकलच्या गर्दीवरचा हुकमी विनोद काढलात. अंधारातून आवाज येईल, "आमची शकुंतलाच बंद पडली न भाऊ, गर्दी कायची सांगून रायला?" इथं ‘कोण शकुंतला?’ असं विचारलंत तर परतीचं तिकीट त्याच रात्रीचं करावं. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी. स्वातंत्र्य आलं तरी जिच्या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, ती. त्याच्या त्या एका वाक्यावर लोक इतके हसतील, की तुमच्या अख्ख्या लोकलला तेवढं हसले नसतील. अशा वेळी उलट टोमणा मारू नये, कारण ते पोट्टं एकटं आलेलं नसतं. सोबत सहा मित्र असतात आणि साउंडवाला त्याचा आतेभाऊ असतो. त्याचंच वाक्य माइकमधून जसंच्या तसं पुन्हा म्हणावं, "घ्या, हे माझ्याहून भारी आहे," असं कबूल करावं आणि पाणी प्यावं. तो खूश होतो. मुख्य म्हणजे त्याला आता दुसरं वाक्य सुचावं लागतं, आणि पहिल्याच्या तोलाचं ते सहसा सुचत नाही.

हवामानावर बोलू नये. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी "काय हो उन्हाळा तुमच्याकडे!" या उद्गाराला उत्तर मिळतं, "आता तं सुरू होऊन रायला." पुढची १० मिनिटं कुणाच्या गावात किती होतं याची बोली लागते आणि तुमच्याकडे सांगण्यासारखा आकडाच नसतो.

कूलरचं काय करायचं, हा प्रश्न मात्र अजून कुणाला सुटलेला नाही. मंडपातल्या कार्यक्रमात कूलरमध्ये पाणी ओतणारा माणूस बादली घेऊन नेमका विनोदाच्या टोकाला येतो. त्याला हटकलं तर गरम होणारे सगळे त्याच्या बाजूनं उभे राहतात. पाणी ओतून होईपर्यंत थांबावं, "झालं का दादा?" विचारावं, आणि विनोद पहिल्यापासून सांगावा.

तिसऱ्या रांगेत एक आजी असतात. प्रत्येक कार्यक्रमात असतात. त्या शेजारणीला अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय म्हनते व हा?" शेजारीण तुमचा विनोद वऱ्हाडीत उलगडून सांगते. तुमच्या ‘रिलेशनशिपमध्ये स्पेस हवी’ या पाच मिनिटांच्या भागाचं भाषांतर तिच्या तोंडून "बायको मायेरी धाडून रायला" एवढंच होतं, आणि हशा तिला मिळतो. नवखे कलाकार इथं चिडतात. जाणते लोक शेजारणीला माइक देतात.

फोन वाजणं हा गुन्हा सगळीकडे सारखाच आहे. सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये, प्रेक्षकांचे मोबाइल असेच वाजत राहिले तर आपण नाटकात काम करणंच थांबवू, असं जाहीर लिहिलं होतं. ते नाटक होतं, तिथं गंभीर नटाला तसं म्हणण्याची सोय असते. विनोदी माणसानं काय थांबवायचं? शिवाय आपल्याकडे फोन नुसता वाजत नाही, उचलला जातो. "हाव, कार्यक्रमात हावो... नाई, बोल न, काई खास नाई चालू... किती निंगाला?" हे ‘काई खास नाई’ मनाला लावून घेऊ नये. ‘किती निंगाला’, म्हणजे सोयाबीनला भाव किती निघाला, हे मात्र नीट ऐकावं, कारण ते सगळं सभागृह ऐकत असतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. फोनवरून आलेला आकडा त्याच्या किती खाली आहे, यावर तुमची पुढची १५ मिनिटं ठरणार आहेत. म्हणून फोन ठेवल्यावर त्यांना झापण्याऐवजी "काका, किती?" एवढंच विचारावं. आकडा ऐकून जे हसू येतं ते फार सुखाचं नसतं, पण असतं एकमुखी.

पिऊन आलेल्या माणसाविषयी बरंच लिहून ठेवलेलं आहे. मी एकच उपाय सांगतो, गाव विचारा. "पाव्हणे, कोनतं गाव?" तो अभिमानानं अंजनगाव म्हणतो, की दुसऱ्या बाजूनं कुणीतरी उठतं, "अबे, हा तं आपल्या बाळूचा साळा होय न!" मग मामा निघतो, मामाचा व्याही निघतो, आणि दोन मिनिटांत त्याला काखेत धरून बाहेर नेलं जातं. पहिलवान बाउन्सर लावून जे होत नाही ते सोयरीक करते. ‘काय करता?’ हा प्रश्न मात्र कधीच विचारू नये. पुण्यात त्याला ‘आयटी’ असं उत्तर मिळतं आणि पुढचा विनोद तयार असतो. इथं उत्तर येतं ‘एमपीएससी’, आणि ते एकानं दिलं तरी शंभर जण एकदम गप्प होतात.

प्रेक्षकाला बोलतं करून गप्प बसवण्याच्या विद्येतला सर्वांत मोठा अधिकारी पुरुष अमरावती जिल्ह्यातच होऊन गेला. त्याच्या हातात माइक नव्हता, खराटा होता. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात दोन-तीन वाक्यांनंतर प्रश्न टाकायचे. प्रश्न इतका सोपा, की उत्तर पोरालाही यावं, आणि सगळ्यांनी मिळून ते मोठ्यानं द्यायचं. ज्याला दर अर्ध्या मिनिटाला उत्तर द्यायचंय त्याला मधेच बोलायला सवड कुठून मिळणार? खरी खुबी पुढे आहे. पाच-सहा उत्तरं दिल्यावर श्रोत्याच्या लक्षात यायचं की आपण आपल्याच कर्जाविरुद्ध, आपल्याच दारूविरुद्ध, देवापुढे कापलेल्या आपल्याच बकऱ्याविरुद्ध साक्ष दिलीय, आणि तीही हसत. त्यांचं अखेरचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात झालं आणि त्याचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. पोलिस ठाण्यात लोकांकडून उत्तरं काढून घ्यायची रीत तशी जुनीच. इथं ती न मारता निघत होती, एवढाच फरक. ‘क्राउड वर्क’ची शिबिरं घेणाऱ्यांनी आधी ते ऐकावं आणि मग फी ठरवावी.

हे लोक असे कानानं तयार का, तेही जाता जाता. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्स्प्रेस’, यवतमाळच्या शंकर बडे यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’, विठ्ठल वाघांच्या कविता हे या मातीनं वर्षानुवर्षं मैदानात बसून, शेंगा खात ऐकलेलं आहे. दाद कुठं द्यायची, वाक्य कुठं तोडायचं हे त्यांना ठाऊक असतं. १९०५ मध्ये मराठी नाट्यसंमेलन पहिल्यांदा भरलं, तेव्हा अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. तेव्हा ‘इथल्या पब्लिकला कळतच नाही’ हे वाक्य विंगेत म्हणायचं असेल तर माइक बंद आहे की नाही ते पाहून म्हणावं.

आता खऱ्या उर्मटांकडे वळू. ते मागे नसतात. ते पहिल्या रांगेत, पांढरं कापड घातलेल्या सोफ्यावर असतात. म्हणजे कार्यक्रम सुरू होताना नसतात, नंतर येतात. पत्रिकेवर ७ ची वेळ असते, ८ ला तुम्ही सुरू करता, ८ वाजून २० मिनिटांनी दारात गडबड होते. निवेदक तुमच्या हातातून माइक घेतो. ‘वेळात वेळ काढून’ आलेल्यांचं स्वागत होतं. शाली निघतात, नारळ निघतात, सोबत आलेल्यांचेही सत्कार होतात, फोटोसाठी एक नारळ दोनदा दिला जातो. मग मान्यवर ‘दोन शब्द’ बोलतात. विनोदाचं जीवनातलं महत्त्व सांगतात. एक विनोदही सांगतात, आणि त्याला सोफा हसतो. मग ‘पुढचा कार्यक्रम असल्यामुळे’ ते उठतात. त्यांच्याबरोबर ४० माणसं उठतात, आणि तुमच्या हातात माइक परत येतो तेव्हा समोर रिकामा सोफा आणि चुरगळलेलं कापड असतं.

मैदान उघडं असेल तर यात कायदाही सामील होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीची मोजकी सवलत सोडली तर १० ला हवालदार येतो. तो भाषणाच्या वेळी कधीच येत नाही. भाषणानं खाल्लेली वेळ तुमच्या वाट्यातून कापली जाते आणि लोक म्हणतात, "पोट्टा बरा होता, पन लय थोडा बोलला."

मागून ओरडणाऱ्याला गप्प करण्याची पुस्तकं निघाली, सोफ्यावरच्याला गप्प करण्याचं एकही नाही, याचं कारण मानधनाचा चेक सोफ्यावरून निघतो. तरी काही किरकोळ उपाय आहेत. सत्कार कार्यक्रमाच्या आधी, अशी अट फोनवर नको, कागदावर घालावी. ती पाळली जाणार नाही, पण कागद दाखवता येतो. सत्कार चालू असताना मंचावर ताटकळू नये. खाली उतरून मागच्या रांगेतल्या त्या पोट्ट्याशेजारी जाऊन बसावं. भाषणावर तो जे हळू आवाजात बोलत असतो ते त्या संध्याकाळचं सर्वोत्तम साहित्य असतं. त्यातलं काहीही मंचावर जाऊन वापरू नये.

का, ते थोडं गंभीरपणे सांगतो. मान्यवर स्वतःवरचा विनोद सहसा हसून घेतात; त्यात त्यांना आपलं मोठेपण दिसतं. त्यांच्यासाठी चिडायला दुसरे असतात. सोलापुरात फेब्रुवारी २०२५ मध्ये विनोदी कलाकार प्रणित मोरे यांना कार्यक्रमानंतर टोळक्यानं मारलं; मारणारे चाहते म्हणून जवळ आले होते. अकोला जिल्ह्यातले सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराज आयुष्यभर बुवाबाजीची आणि व्यसनांची टर उडवत गावोगावी हिंडले. २०१७ मध्ये मुंबईत नायगावला त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. ते बरे झाले आणि पुन्हा खंजेरी वाजवायला लागले. मधेच बोलणारा माणूस निदान समोरासमोर, सगळ्यांदेखत बोलतो, आणि तेवढं करून त्याचं समाधान होतं. जो सबंध कार्यक्रमात एकदाही हसला नाही, एकदाही बोलला नाही आणि शेवटी सेल्फीसाठी थांबलाय, त्याच्याबाबत मार्गदर्शन करण्याइतकं ज्ञान प्रस्तुत लेखकाकडे नाही. चार माणसांत राहावं, एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर तो शकुंतलावाला विंगेत येईलच. "राग तं नाई न आला भाऊ?" असं विचारेल आणि उत्तराची वाट न पाहता गिला वडा खायला चला म्हणेल. जरूर जावं. वाटेत तो तुम्हाला तीन विनोद सांगेल, "पुढच्या टायमाले हे टाका," म्हणेल. त्यातला एक खरंच चांगला असतो. मात्र पाकीट हातात पडल्याशिवाय गाडीवर मागे बसू नये. गिला वडा थोडा थांबेल. खजिनदार सोफ्याबरोबरच उठतो.