धरणाला गॅस झालाय

ऑगस्ट उजाडला की ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या टपरीवर कटिंगबरोबर एकच बातमी चघळली जाते: बारवी धरण भरलं. स्वयंचलित दरवाजे उघडले, वर्षभराची चिंता मिटली. दुसऱ्या दिवशी जलपूजनाचा फोटो येतो. साडी, खण, नारळ आणि तो नारळ पाण्यात सोडायला पुढे सरसावलेले पंधरा हात. देवीचा नाका आमचा, त्यामुळे ओटी भरण्यावर आमचा आक्षेप नाहीच. पण जिची ओटी भरताय तिच्या पोटात काय चाललंय, हे कुणी विचारलंय का?

गॅस झालाय. विनोद नाही. नाक्यावरची मिसळ तर्री मारून खाल्ल्यावर आपल्याला होतो, तसाच धरणालाही होतो. फक्त आपल्याला ओव्याचा अर्क आहे.

खात्री करायला बदलापूरजवळच्या बारवीपर्यंत जायची गरज नाही. नाक्यावरून चालत तलावपाळीला या. संध्याकाळी नौकाविहाराची गर्दी ओसरली की कठड्यापाशी, जिथे निर्माल्य आणि पावाचे तुकडे साचतात तिथे, टक लावून बघा. हिरवट पाण्यातून एक बुडबुडा वर येतो, फुटतो. मग दोन. मग बराच वेळ काही नाही. शेजारचं पोर म्हणतं, मासा आहे. तो मासाच असेल असं नाही. तळाच्या चिखलात प्राणवायू संपला की तिथले सूक्ष्मजीव कुजकं खाऊन मिथेन सोडतात. १७७६ साली इटलीत व्होल्टाने (हो, विजेच्या व्होल्टवालाच) मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले. अडीचशे वर्षं झाली. आपल्या फायलींपर्यंत ती बाटली अजून पोचलेली नाही.

धरण म्हणजे हाच उद्योग हजारो एकरांवर. नदी वाहती असते तोवर पाण्यात हवा खेळते. अडवली की तळ गुदमरतो. बुडालेली झाडी, गवत, पालापाचोळा, वरून वाहून येणारी शेतातली खतं आणि गावांचं सांडपाणी, सगळं तळाशी. वर आपल्याकडचं ऊन. कुजायला आणखी काय हवं? बरं, एकदाच कुजून संपलं असंही नाही. बारवी, भातसा मे महिन्यात खाली जातात, काठची जमीन उघडी पडते. त्या गाळपेर जमिनीवर गवत उगवतं. जुलैत पाणी चढतं, गवत पुन्हा बुडतं. दरवर्षी ताजा नैवेद्य. आणि भातसाच्या पायथ्याशी आहे तसं वीजघर असेल, तर खोलातलं दाबाखालचं पाणी एकदम बाहेर पडतं आणि त्यात विरघळलेला वायू सुटतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की होतं, तसंच. त्या विजेला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो.

२००७ मध्ये ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: जगातल्या मोठ्या धरणांतून वर्षाला १० कोटी ४० लाख टन मिथेन, त्यातलं ३ कोटी ३५ लाख टन एकट्या भारतातलं. पहिला नंबर! आमच्या नाक्यावर वाढदिवसाला चार मजली फ्लेक्स लागतात, या पहिल्या नंबराचा एकही लागला नाही. तो अंदाज फार फुगलेला होता, हेही सांगून टाकतो. २०१६ मध्ये अडीचशेहून जास्त जलाशयांची मोजमापं एकत्र करून आलेला आकडा बराच खाली आहे. तरी माणसाने सोडलेल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १.३ टक्के जलाशयांच्या नावावर, आणि त्यात मोठा वाटा मिथेनचा. हा वायू पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो.

म्हणून धरणं पाडा, असं म्हणायला मी वेडा नाही. सकाळी साडेसहाला माझ्याही नळाला पाणी लागतं. कोळशाची भट्टी धरणापेक्षा बहुतेक वेळा जास्तच ओकते. सगळी धरणं सारखीही नसतात: उथळ, उबदार आणि झाडी बुडवून भरलेलं धरण जास्त गुन्हेगार. नेमकी तीच जात आपण रांगेत उभी केलीय. मुरबाडचं काळू धरण घ्या. पैसा एमएमआरडीएचा, तहान आपली, बुडणार सुमारे १००० हेक्टर जंगल. वनखात्याची परवानगी यायच्या आधीच काम सुरू केलं, म्हणून २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. असल्या प्रस्तावात भरपाईचं वनीकरण असतं. म्हणजे इथलं जंगल बुडवायचं आणि दुसरीकडे रोपं लावून त्यांनी किती कार्बन शोषला ते मोजायचं. तोडलेल्या झाडांचे बुंधे, मुळं आणि जंगलाची माती तळाशी काय करतेय, तो रकाना कुणी भरायचा? संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१९ मध्ये पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा मिथेन कसा मोजावा याची पद्धतसुद्धा छापून दिली आहे.

शहापूर तालुक्याचं तर दुहेरी नशीब. भातसा, तानसा तिथे, पाणी मुंबई-ठाण्याला, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. पाणी आम्ही पळवलं, वायू तेवढा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

एवढंच करा. नवं धरण बांधण्याआधी पाइपातून गळणारं पाणी थांबवा, नदीत जाणारं सांडपाणी शुद्ध करून सोडा, आणि बारवीच्या काठावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या पट्टीशेजारी वायू मोजणारं एक यंत्र बसवा. जलपूजनाच्या मांडवापेक्षा महाग पडलं तर पैसे नाक्यावर वर्गणी काढून देतो.

आणि पुढच्या पूजेचं आमंत्रण आलं तर जरूर जा. नारळ सोडा, फोटो काढा. काडेपेटी मात्र खिशातच राहू द्या.