झाकणभाऊ

नागझिऱ्याच्या मंगेझरी गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्यांना झाकणभाऊ म्हणतात. तोंडावर नुसतं भाऊ. उमेदीची वर्षं त्यांनी धान खरेदी केंद्रावर काढली. तिथे गोदामापेक्षा धान जास्त, धानापेक्षा ढग जास्त आणि ताडपत्र्या मात्र मोजक्या. अवकाळीचा पहिला थेंब पडायच्या आत कोणती थप्पी झाकायची, हे त्यांना वाऱ्याच्या वासावरून कळे. निवृत्त झाले, थप्प्या सुटल्या, हात मात्र शिवशिवत राहिले.

त्यामुळे टीव्हीवर कशिद्याचं कापड, रिमोटला प्लास्टिक, त्या प्लास्टिकला रबर. सोफ्याच्या अंगावर दुकानातून आला तेव्हाचंच वेष्टन आहे. मे महिन्यात पाहुणा उठतो तेव्हा चर्रकन आवाज होतो आणि भाऊ काळजीने सोफ्याकडे बघतात. भिंतीला भेग गेली, तिच्यावर कॅलेंडर लावलं. भेग वाढली, तसं पतसंस्थेचं मोठं कॅलेंडर मिळवलं. यंदा ती डिसेंबरच्या खालून डोकावायला लागली आहे. पुतण्या बारावीत आपटला तेव्हा ‘त्यानं स्वतःहून एक वर्ष अभ्यासाले घेतलं’ असं पानठेल्यावर सांगून भाऊंनी तोही झाकला.

पण त्यांची खरी कमाई म्हणजे घराची जमीन. मुळात ती शेणानं सारवलेली. ती उकरणं स्वभावात नाही, म्हणून तिच्यावर शहाबादी आली, शहाबादीवर टाइल्स, टाइल्सवर फुलाफुलांचं मॅट. दर खेपेला दार खालून तासावं लागलं. चौकट मात्र होती तिथेच राहिली. आता कोणीही उंच माणूस या घरात वाकूनच शिरतो आणि भाऊ शेजाऱ्यांना सांगतात, जवाईबापू मोठे संस्कारी आहेत.

हे जवाईबापू न्यू जर्सीला असतात. तिथे त्यांनी जुनं घर घेतलं. तळघरात नऊ इंची चौकोनी फरश्या, त्यांच्याखाली डांबरासारखा काळा गोंद. एका रात्री व्हिडिओ कॉलवर भाऊंना दिसलं की जावई पटाशी घेऊन त्या उपटायला बसलेत.

“जवाईबापू, काहून खोदून राहिले? झाकून टाका ना!”

आयुष्यभर दिलेला हा सल्ला शास्त्राला धरून निघण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेत साधारण १९८० पर्यंत अशा फरश्यांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास मिसळत. (आपल्याकडेही त्या होत्या, आयएस ३४६१ हे मानक त्यांच्यासाठीच निघालं.) नुसतं बघून काही कळत नाही, तुकडा प्रयोगशाळेत जावा लागतो. मुलीने माणूस बोलावून तुकडा पाठवला, आणि अहवालात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. फरशी शाबूत आहे तोवर त्याचे तंतू तिच्यातच जखडलेले असतात. ती खरवडली, घासली, फोडली की ते हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात ठाण मांडतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कर्करोग होऊन उगवू शकतात. म्हणून तपासायला आलेल्या माणसाने सांगितलं: पटाशी ठेवून द्या, खिळे ठोकू नका, कोरडा झाडू फिरवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि वरून एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्यांची नवी जमीन अंथरा.

दुसऱ्या दिवशी भाऊ पानठेल्यावर जाहीर करून आले: “अमेरिका आपल्या लायनीवर आली.”

आनंद आठवडाभरही टिकला नाही. खाली काय झाकलंय ते कागदावर लिहून ठेवायचं आणि घर विकताना घेणाऱ्याला दाखवायचं, असंही मुलीने सांगितलं. भाऊ हबकले. “सांगाचंच असन, तं झाकाचं कायले?” हा प्रश्न ते अजून भेटेल त्याला विचारतात. मला विचाराल तर त्यांच्या हयातीतला हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे.

त्यात मुलगी पुढे बोलली, “बाबा, आपल्या सपरीवर तेच आहे.”

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगावसह व्याघ्र प्रकल्प. पाहुणे येतात वाघासाठी. गावाचं खरं वैर वानरांशी. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे आणि दर पावसाळ्यात वानरांनी ते फोडायचे, याला कंटाळून भाऊंनी सपरीवर सिमेंटचे पत्रे चढवले. त्यांना सिमेंटचे म्हणायचं, एवढंच. आत अ‍ॅस्बेस्टॉस. युरोपीय संघात ते २००५ पासून बंद आहे, अमेरिकेनेही २०२४ साली त्यातल्या शेवटच्या चालू प्रकारावर बंदी आणली. आपल्याकडे खाणींना नवे परवाने कधीचेच थांबले, पण माल रशियासारख्या देशांतून येतो आणि पत्रे राजरोस विकले जातात. उरलेल्या पत्र्याचे भाऊंनी करवतीने, कोरडेच, तुकडे केले होते: रांजणावर एक, खुराड्यावर एक, नालीवर एक. ज्या वस्तूला झाकायचं, तिचीच त्यांनी झाकणं केली होती.

“आता कापू नका, शेवाळ खरडू नका, त्यावर चढू नका,” मुलगी म्हणाली.

“मी नाही चढत. पन वानराले कोन सांगन?”

याला न्यू जर्सीत उत्तर नव्हतं. तुकड्यांचं मात्र ठरलं: पाण्याने भिजवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, तोंड पक्कं बांधायचं. भाऊंचा चेहरा खुलला. त्यांनी प्लास्टिकवर ताडपत्री, ताडपत्रीवर दुसरी ताडपत्री चढवली, सुतळीला खरेदी केंद्रावरची गाठ मारली. सपरीला आतून छत घालायचं, तेही पत्र्याला भोक न पाडता वेगळ्या सांगाड्यावर, हे ऐकून तर त्यांनी तिथल्या तिथे सुताराला फोन लावला. झाकायला अख्खं छप्पर मिळणार होतं.

छत घालण्याआधी मुलीने एकच अट घातली: उद्या कोणी मिस्त्री आला तर त्याला कळावं म्हणून भिंतीवर लिहून ठेवा. भाऊंनी ऑइल पेंट आणला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘वरचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत. फोडू नये, घासू नये.’ फोटो काढून पाठवला. तिकडून शाबासकी आली. रंग वाळल्यावर भाऊंनी त्यावर कॅलेंडर लावलं.