जोडी नाही पटली, पण...

हॅरी पॉटरच्या चाहत्यांत पर्सी वीझलीला कुणी वाली नाही. साहेबापुढे लवून उभा राहणारा, मंत्रालयातल्या नोकरीपायी घरच्यांशी भांडून वेगळा झालेला मुलगा कुणाला आवडणार? शेवटच्या लढाईत तो परत येतो, सगळ्यांदेखत माफी मागतो, पण तोवर वाचकाचं मन विटलेलं असतं. मला मात्र तो आवडतो. चौथ्या पुस्तकात घरात सुट्टीचा धुमाकूळ चालू असताना हा गडी खोलीत बसून परदेशी कढयांच्या बुडाच्या जाडीवर अहवाल लिहीत असतो. असा अहवाल कुणीतरी मन लावून ऐकायला हवा, म्हणून मी त्याची गाठ ल्यूना लव्हगुडशी घालून दिली. कानात मुळ्यांचे डूल घालणारी, कुणी न पाहिलेल्या प्राण्यांवर ठाम विश्वास असलेली ल्यूना. माझ्या गोष्टीत युद्ध संपून दहा वर्षं झाली आहेत. पर्सी अहवाल वाचतो आणि ल्यूना गंभीरपणे विचारते, “कढयांचं म्हणणं विचारलंत का?” पर्सी चष्मा पुसतो आणि समासात तशी नोंद करतो. याला प्रेम म्हणतात, हे सातव्या प्रकरणात त्याच्या लक्षात येतं.

आवडत्या पुस्तकातली, मालिकेतली पात्रं उसनी घेऊन चाहते अशा गोष्टी लिहितात, त्यांना फॅनफिक्शन म्हणतात. दोघांचं जुळावं म्हणून जीव टाकणं म्हणजे ‘शिप करणं’. हर्मायनी आणि ड्रेको यांना शिप करणाऱ्यांची जत्रा भरते. पर्सी आणि ल्यूनाकडे येणारे बोटांवर मोजावेत. अशा जोडीला ‘रेअरपेअर’ म्हणतात, आणि तिच्या वाट्याला कौतुकही तसंच दुर्मिळ जातीचं येतं.

“मला पर्सी डोळ्यांसमोर नको असतो, तरी हे शेवटपर्यंत वाचलं!” हे पहिलं. यात शाबासकी वाचणाऱ्याच्या सोशिकपणाला आहे. “ल्यूनासाठी याहून कितीतरी चांगली स्थळं होती, पण तू निभावून नेलंस.” म्हणजे मी गोष्ट लिहिली नाही, अडचणीच्या वेळी घर सांभाळलं. “एवढं सुंदर लिहितेस, मग ड्रेको-हर्मायनी का नाही लिहीत?” हा करिअरचा सल्ला, न मागता. एकीने तर मोकळ्या मनाने सांगितलं की तिने सबंध वेळ पर्सीच्या जागी नेव्हिलला धरून वाचलं आणि फार गोड वाटलं. कढया, चष्मा, समासातली नोंद, सगळं नेव्हिलच्या नावावर जमा. आणि माझी सर्वांत नावडती प्रतिक्रिया एकाच ओळीची आहे: “जवळजवळ पटलं.”

लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी पुढे ओढत “मुलगा तसा साधाच आहे हो, पण हिला शोभेल” असं म्हणणाऱ्या आत्याबाई तुम्ही पाहिल्या असतील. एका वाक्यात दोघांनाही खाली बसवायचं आणि वर आशीर्वादही द्यायचा, ही कला त्यांच्यापाशी. फरक इतकाच, की आत्याबाईंना आमंत्रण असतं, आहेर करावा लागतो आणि न जाण्याची सोय नसते. फॅनफिक्शनच्या वाचकाला यातलं काहीच नाही. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा 2009 पासून चाललेला या गोष्टींचा प्रचंड साठा (2019 मध्ये त्याला चक्क ह्यूगो पुरस्कार मिळाला). तिथे प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर जोडीची पाटी असते. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेम, ‘अँड’चं चिन्ह असेल तर निखळ मैत्री. नको ती जोडी गाळून शोधायचीही सोय आहे. इतकं सगळं ओलांडून जो आत येतो, तो काही वाट चुकून आलेला नसतो. त्याला बहुधा पर्सी थोडासा आवडू लागलेला असतो आणि ते कबूल करायची लाज वाटते. मित्रमंडळींत नाव खराब व्हायला नको, म्हणून तो आधी ‘मला ही जोडी मुळीच आवडत नाही’ असं जाहीर करतो आणि मग आपली आवड हळूच खाली ठेवून जातो. हे लक्षात आल्यापासून माझा राग निम्मा उतरला आहे. उरलेला निम्मा त्या ‘जवळजवळ’साठी राखून ठेवला आहे.

मोठ्या जोड्यांची भांडणं उघड्यावर होतात, ते एका अर्थी बरं. 2005 मध्ये सहावं पुस्तक आलं, तेव्हा लेखिका रोलिंग यांच्या मुलाखतीत, मुलाखत घेणाऱ्यानेच हॅरी आणि हर्मायनीच्या समर्थकांना भ्रमात वावरणारे ठरवलं आणि रणकंदन माजलं. पुढे 2014 मध्ये खुद्द रोलिंगबाईंनी चित्रपटांत हर्मायनी झालेल्या एमा वॉटसनशी बोलताना सांगितलं, की रॉन-हर्मायनीची जोडी आपण स्वतःच्या हौसेपोटी जमवली होती. भ्रमातली मंडळी तेव्हा जी ताठ मानेने फिरली! आमच्या वाट्याला असलं काही येत नाही. लेखिकेने पर्सीला ऑड्री नावाची बायको देऊन टाकली आहे. पुस्तकांत या ऑड्रीच्या तोंडी एक वाक्यही नाही. पण तिच्याबद्दल कुणी ‘निभावून नेलंस’ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

खरं तर मूळ लेखकही यातून सुटत नाहीत. लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग 1868 मध्ये आला आणि नायिका जो आणि शेजारचा लॉरी यांचं लग्न कधी, अशी मुलींची पत्रं सुरू झाली. बाई हट्टी. कुणाच्या मर्जीखातर हे लग्न लावणार नाही, असं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आणि 1869 च्या दुसऱ्या भागात जोला अघळपघळ, मध्यमवयीन, खिशाने फाटका जर्मन प्रोफेसर बेअर दिला. त्याचं कौतुक आजही ‘तसा सज्जन आहे’ याच्यापुढे सरकत नाही. 2019 च्या चित्रपटात हे काम देखण्या लुई गॅरेलला दिलं. तरीही हे लग्न प्रकाशकाच्या आग्रहाखातर केलेली तडजोड, अशीच मांडणी दिग्दर्शिकेने केली.

आपल्याकडे हे सगळं जास्त मोकळेपणाने झालेलं आहे. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्याना’त द्रौपदीच्या मनात कर्ण असतो. व्यासांनी न जमवलेली ही जोडी लोकांनी जमवली आणि तुणतुण्याच्या साथीने ऐकली. ‘युगान्त’मध्ये इरावती कर्व्यांनी द्रौपदीच्या अखेरच्या घटकेला भीमाला तिच्याजवळ आणलं. त्याआधी, इथून पुढची माझी नरोटी, म्हणजे पदरची पोकळ भर, असं वाचकाला सरळ सांगूनही टाकलं. फॅनफिक्शनवाल्यांची सुरुवातीची टीप यापेक्षा वेगळी काय असते?

माझी मागणी मोठी नाही. पर्सी तुम्हाला आवडलाच पाहिजे असं नाही, आणि नेव्हिलवर माझाही राग नाही. प्रतिक्रिया जरूर लिहा. आम्हाला त्या इतक्या कमी येतात, की टोचल्या तरी आम्ही ‘खूप आभार’ लिहून खाली हसरा चेहरा टाकतो. फक्त पाठवण्याआधी एकदा नजर टाका आणि ‘पण’च्या आधीचं सगळं खोडून टाका. उरलेलं आम्हाला भरपूर पुरतं.