पसारा द्या, पसारा घ्या

वस्तू हातात घ्या, आनंद होत नसेल तर टाका, असं जगाला शिकवणाऱ्या जपानच्या मारी कोंडोबाईंनी २०१९ मध्ये ऑनलाइन दुकान काढलं. त्यात ७५ डॉलरला नादकाटा आणि स्फटिक! रिकाम्या घरांत काही ठेवायला नको का? आपल्याकडे बोहारणीने हा धंदा केव्हाच बसवलाय. चार साड्या द्या, एक पातेलं घ्या. कपाट मोकळं, फडताळ गच्च. माळ्यावरचा बिनझाकणाचा कुकर मात्र हलत नाही. त्यात जुन्या शिट्ट्या, रबरं आणि ‘लागेल कधीतरी’ भरलेलं असतं. आता मुलांनी मिनिमलिझमसाठी पारदर्शक डबे आणि कप्प्यांचे ट्रे मागवलेत. ज्या खोक्यांतून ते आले, ती आई टाकू देत नाही. खोकी चांगली आहेत म्हणे.