चालून तर राहिलं आहे!

मंगळवार हा आमच्या सौंसर गावात मारुतीचा वार. सकाळपासून जामसावळीच्या रस्त्याला गाड्या लागतात, पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताचं दर्शन होतं, आणि ज्याला त्या दिवशी जमत नाही तो शनिवारचा वायदा करून मोकळा होतो. याच वाराला संगणकाच्या दुनियेतही मोठा मान आहे. २००३च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट कंपनी महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या दुरुस्त्या जगभर वाटते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. दर्शन, जेवण, मालिका सगळं आटोपून माणूस आडवा झाला की हा प्रसाद निघतो. बुधवारी सकाळी पडदा उजळतो तेव्हा कोपऱ्यात चिठ्ठी हजर: अपडेट तयार आहे, आत्ता रीस्टार्ट करायचं की नंतर?

पर्याय दोनच, आणि दोन्हींत थोडी धाकधूक. 'आत्ता' म्हणावं तर काय बिघडेल ते सांगता येत नाही. 'नंतर' म्हणावं तर काय बिघडलं ते कळतही नाही. ज्यांच्या कचेरीत संगणकाचा वेगळा माणूस असतो, त्यांना यातलं काही भोगावं लागत नाही. पण ज्या घरात एकच संगणक आहे आणि त्यातच नातवंडांचे फोटो, संत्र्याच्या बागेचा हिशेब आणि पेन्शनचे कागद एकत्र नांदतात, त्या घरात या चिठ्ठीवर चहाच्या दोन फेऱ्या सहज होतात.

आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींचं मत पक्कं आहे. "भाऊ, मशीन चालून रायली न? मंग तिले कायले छेडता?" गुरुजींचा संगणक मुलाने पुण्याला नोकरीवर जाताना मागे ठेवला. त्यावर ते विजेचं बिल भरतात, नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची खटपट करतात आणि रोज संध्याकाळी पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडतात. त्यांचा अपडेटवरचा राग या डावापासून सुरू होतो. विंडोज ८ आलं तेव्हा तो डाव संगणकातून काढूनच टाकला होता. विंडोज १०मध्ये परत आला, पण जाहिराती घेऊन. विंडोज ११ने तर डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण उचलून मधोमध आणून ठेवलं. "पंचवीस वर्षं जे बटण डाव्या कोपऱ्यात होतं, ते यायनं कोणाले इचारून हलवलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कंपनीकडेही असेलसं वाटत नाही.

पुण्याहून मुलाचा फोन येतो: "बाबा, ते अपडेट करून टाका न एकदाचं." गुरुजी "हो, करतो" म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. त्यांचा चष्मा गावात सगळ्यात स्वच्छ असतो, त्याचं कारण हेच.

बसस्टँडकडच्या दुकानातला पोरगा तिसऱ्या पंथाचा. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. "काकाजी, टेन्शन नोका घेऊ. विंडो मारून देतो, अन् अपडेटच बंद करून टाकतो. परत कटकट नाई." विंडो मारणं म्हणजे जुनं सगळं पुसून नव्याने विंडोज चढवणं. ती बहुतेकदा कुठल्यातरी पेनड्राइव्हमधून येते, तिचे पैसे कंपनीपर्यंत पोचलेले नसतात, आणि अपडेट घेतलं तर ती चोरी उघडी पडेल म्हणून अपडेटची वाटच बुजवून ठेवलेली असते. गिऱ्हाईक खूश, कारण चिठ्ठी येत नाही. दार ठोठावणारा कोणी नाही म्हणून गाव निवांत. मागच्या दाराला कडी नाही, हे कोणी पाहिलेलं नसतं.

पोराचं सोडा, पण गुरुजी आणि त्यांचा मुलगा या दोघांचंही म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. गुरुजींच्या बाजूने साक्षीदार भक्कम आहेत. २ ऑक्टोबर २०१८ला विंडोज १०चं सहामाही मोठं अपडेट निघालं आणि काही लोकांच्या संगणकातल्या फायली, फोटोंसकट, नाहीशा झाल्या. चार दिवसांत ते वाटप थांबवावं लागलं, आणि दुरुस्त होऊन यायला नोव्हेंबर उजाडला. ज्यांनी उत्साहाने गांधीजयंतीची सुटी साधून काम उरकलं, त्यांचे हात पोळले; चष्मा पुसणारे वाचले. २०२१च्या जुलैत विंडोजच्या छपाई व्यवस्थेतच भगदाड सापडलं. घाईघाईने दुरुस्ती आली, आणि ती लावल्यावर काही छपाईयंत्रं रुसून बसली. १९ जुलै २०२४चा शुक्रवार तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते अपडेट कंपन्यांच्या संगणकांसाठी होतं, घरच्यांना त्याचा उपद्रव नव्हता. पण गुरुजींनी ती बातमी वाचून मला हाक मारली आणि काही न बोलता वर्तमानपत्र पुढे केलं.

मुलाच्या बाजूचा साक्षीदार एकच आहे, पण त्याची जबानी ऐकली की घाम फुटतो. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचं प्रकरण सुरू झालं. संगणकातल्या फायली कुलूपबंद होत आणि पडद्यावर खंडणीची मागणी येई, सुरुवातीला ३०० डॉलर, बिटकॉइनमध्ये. दीडशेवर देशांत ते पसरलं, इंग्लंडात सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, आणि आंध्र प्रदेशातल्या काही पोलीस ठाण्यांचे संगणकही त्यात सापडले. गंमत अशी, की ज्या भगदाडातून हा चोर शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती. तोही महिन्यातला दुसरा मंगळवार. जवळजवळ दोन महिने ती चिठ्ठी जगभरच्या पडद्यांवर येत होती, आणि जगभर चष्मे पुसले जात होते.

गुरुजींच्या सूत्रात उणीव आहे ती इथे. मोटर, गिरणी, शिलाई मशीन यांना ते सूत्र लागू पडतं. ती यंत्रं एकटी असतात. चालत असली की धड असतात. संगणकाला इंटरनेटची तार लागली की तो एकटा राहत नाही. तो चालतो आहे एवढ्यावरून तो धड आहे असं म्हणता येत नाही, कारण भगदाड पडलेला संगणकही तितक्याच उत्साहाने पत्ते पिसतो.

अपडेट नेहमी भीतीपोटीच घ्यावं असंही नाही. १५ जुलै २०१०ला केंद्र सरकारने रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. आडव्या दोन रेघांचा तो देखणा 'र' नाण्यांवर आला, नोटांवर आला, पण तेव्हाच्या संगणकांना तो लिहिता येईना. २०११मध्ये विंडोजसाठी एक छोटं अपडेट निघालं आणि त्यातून ते चिन्ह घरोघरच्या कळफलकावर पोचलं. ज्यांनी तेव्हा 'नंतर' म्हटलं, त्यांचे हिशेब आणखी काही वर्षं 'रु.'वरच चालले. हिशेब काही चुकले नाहीत, एवढं गुरुजींच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

खरं म्हणजे आम्हा सौंसरकरांना या विषयाचा अनुभव संगणकाच्या आधीपासूनचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो, आणि हाकेच्या अंतरावरच्या नागपूरची राजधानी उठून भोपाळला गेली. मामा सावनेरला, भाचा सौंसरला, मधे राज्याची सीमा. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हा दुहेरी कळफलक तेव्हापासूनचा. 'आत्ता की नंतर' असं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

पुढे २०१५च्या अखेरीला छिंदवाडा ते नागपूर धावणारी छोटी लाइन मोठी करण्यासाठी बंद झाली. रीस्टार्ट व्हायला काही मिनिटं लागतील, असं संगणक सांगतो. आमच्या गाडीला काही वर्षं लागली. तोवर लोकांनी एसटी, जीप, मोटरसायकल यांवर दिवस काढले. मोठ्या लाइनची गाडी आली तेव्हा ती वेगवान होती, ऐसपैस होती, आणि तरी म्हातारी माणसं छोटीच्या आठवणी काढत होती. नव्यात काय मिळालं ते लगेच दिसतं, जुन्यातलं काय गेलं ते बसून आठवावं लागतं. गुरुजींच्या पत्त्यांच्या डावाचं दुःख मला या गाडीमुळे कळलं.

२०२३च्या ऑक्टोबरात तर जिल्हाच बदलला. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. रात्री छिंदवाडा जिल्ह्यात झोपलेला माणूस सकाळी पांढुर्णा जिल्ह्यात उठला. अंथरूण तेच, डासही तेच. आजही आधार कार्डावर छिंदवाडा, दुकानाच्या नव्या पाटीवर पांढुर्णा, जुन्या मोटरसायकलवर एमपी २८, आणि लोकसभेच्या मतदानाला पुन्हा छिंदवाडाच. एकाच माणसात दोन व्हर्जन सुखाने चालू आहेत. इतक्या बदलांतून गेलेल्या गावाने एका चिठ्ठीला एवढं घाबरू नये, असं मला वाटतं. आणि ज्या गावाला आजवर कुणी विचारलं नाही, त्याला 'नंतर' म्हणायची संधी मिळाली तर त्याने ती जरा मिरवून घेतली, यात त्याचा दोषही नाही.

पण या 'नंतर'लाही मुदत आहे. घरगुती विंडोज १० किंवा ११मध्ये अपडेट फार तर ३५ दिवस थांबवता येतं. मग ते घ्यावंच लागतं, आणि तेव्हा ते नेमकं मुलीच्या ऑनलाइन फॉर्मच्या शेवटच्या तारखेला चालू होतं. याहून मोठी मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. त्या दिवसापासून विंडोज १०ला फुकटच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद झाल्या. आणखी एक वर्षाची सोय वेगळी नोंदणी करणाऱ्यांनाच. विंडोज ११वर जावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही फार जुना चालत नाही. गुरुजींच्या संगणकात ते काही नाही. अपडेट घ्यायला गुरुजी एकदाचे राजी झाले, तर आता संगणकच नको म्हणतो.

आमच्या गावचा आणखी एक पेच पुण्याच्या मुलाला समजत नाही. तो आहे लाइटीचा. वैशाखात वावटळ उठली की लाइट जाते, आणि पडद्यावर तर लिहिलेलं असतं, 'संगणक बंद करू नका'. ही विनंती आपल्यापेक्षा वीज मंडळाला केलेली बरी. विंडोजचं साधं अपडेट अर्धवट राहिलं तर संगणक पुन्हा चालू झाल्यावर बहुधा झालेले बदल मागे घेतो आणि पूर्वपदावर येतो. संगणक सुरू करून देणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, म्हणजे बायोसचं, अपडेट मात्र मध्येच तुटलं तर यंत्र पार आडवं होऊ शकतं. ते काही ठोस कारण असेल तरच करावं, आणि यूपीएस असल्याशिवाय हात लावू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्यांनी 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय लावून ठेवावा. नाहीतर दिवसभराचा डेटा सकाळच्या चहाआधीच संपतो.

इतक्या चहांनंतर माझा निवाडा असा. ब्राउझरचं अपडेट आलं की त्याच दिवशी घ्यावं, कारण बाहेरच्या जगाशी पहिला संबंध त्याचाच येतो. महिन्याच्या मंगळवारचं अपडेट येत्या शनिवार-रविवारपर्यंत थांबलं तरी चालेल. तेवढ्यात कुणाचं छपाईयंत्र रुसलं का, ते बातम्यांतून कळतं. पण भगदाडाचा वापर चोरांनी सुरू केला आहे अशी बातमी असेल, तर शनिवारची वाट पाहू नये. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटला दोन महिने खुशाल थांबावं. चालू असलेल्या छपाईयंत्राचा किंवा साउंडचा नवा ड्रायव्हर 'ऐच्छिक' म्हणून समोर आला, तर तिथे गुरुजींचं सूत्र बरोबर: चालून राहिलं आहे, छेडू नका. आणि दुकानातल्या पोराला सांगावं, विंडो मारायची तर पैसे भरलेली मार, आणि अपडेट चालू ठेव.

या सगळ्याच्या आधी एक काम करायचं आहे. आपल्याकडे खसऱ्याची नक्कल काढून लोखंडी पेटीत ठेवल्याशिवाय शेतकऱ्याला झोप येत नाही. नातवंडांचे फोटो आणि बागेचा हिशेब यांची नक्कल मात्र कुठेच नसते. एक बाहेरची डिस्क आणा, सगळं तिच्यावर उतरवा, आणि डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा. नक्कल असेल तर 'आत्ता' म्हणा की 'शनिवारी' म्हणा, मोठं नुकसान होत नाही. नक्कल नसेल, तर दोन्ही उत्तरं चूक आहेत.